जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्याचं अडकलेलं शटर: तेल नको, आधी धुवा

"शटर अडकत होतं, शिलाई मशीनचं तेल सोडलं, दोन दिवस झकास चाललं आणि आता पूर्णच बसलंय, काय करू?" हा मेसेज मला इतक्या वेळा आलाय की शेवटी एकदाच सगळं लिहून काढतोय. मी स्वतःही पहिल्या कॅमेऱ्यात हेच केलं होतं, त्यामुळे कुणाला हसत नाहीये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लीफ शटरची, म्हणजे लेन्सच्या आत बसवलेल्या शटरची, उघडमिट करणारी पाती कागदापेक्षा पातळ पोलादाची असतात आणि ती कोरडीच चालायची असतात. जेवणाच्या ओल्या ताटल्या एकावर एक ठेवल्या की कशा चिकटतात, ओढल्या तरी सुटत नाहीत, तसं पात्यांमध्ये तेल गेलं की होतं. म्हणजे शटर अडकतं ते तेल कमी पडलं म्हणून नाही, सत्तर वर्षांपूर्वीचं तेल-ग्रीस गोंद होऊन तिथे पोचलं म्हणून. त्यावर नवीन तेल म्हणजे गोंदावर पाणी. थोडा वेळ सैल पडतं, मग आणखी घट्ट.

खाली जे लिहिलंय ते अॅग्फा आयसोलेट टू डोळ्यासमोर ठेवून आहे, प्रोंटोर-एस किंवा एसव्ही शटर आणि ८५ मिमी एफ/४.५ आपोटार लेन्सवाला. झाइसचा नेटार, फोइग्टलँडरचा बेसा यांच्यातही प्रोंटोर सापडतं, तिथेही बहुतेक पायऱ्या याच. झेनिट, झोर्की वगैरेंच्या कापडी पडद्याच्या शटरला यातलं काहीही करू नका, ते प्रकरणच वेगळं. आणि एके काळी घराघरात असलेल्या अॅग्फा क्लिक-थ्रीचं शटर इतकं साधं आहे की त्याला एवढा लेख लागत नाही.

## १. उघडायच्या आधी रोग ओळखा

अर्धे लोक इथेच चुकतात. स्क्रूड्रायव्हर आधी हातात घेतात आणि बिघाड काय ते नंतर शोधतात.

पहिलं म्हणजे, बॉडीवरचं बटण दाबून काहीच होत नसेल तर शटर बिघडलंय असं लगेच धरू नका. बऱ्याच आयसोलेटमध्ये डबल एक्सपोजर (एकाच फ्रेमवर दोनदा फोटो) टाळायचं लॉक असतं, वाइंडिंग नॉब फिरवल्याशिवाय बटण खालीच जात नाही. म्हणून शटर चार्ज करा (त्याची स्प्रिंग ताणणारा लिव्हर ओढा) आणि शटरच्याच अंगावरचा छोटा रिलीज लिव्हर बोटाने दाबून बघा. तिथून पडलं तर शटर ठीक आहे, भानगड वरच्या लिंकेजमध्ये किंवा लॉकमध्ये आहे.

दुसरं, मागचं झाकण उघडा, कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि १/१०० वर दहा-बारा वेळा शटर मारा. पाती उघडून तशीच राहिली, अर्धवट उघडली, किंवा पहिल्या दोनदा आळसावून मग नीट चालायला लागली, तर पात्यांवर तेल आहे. आता १ सेकंदावर लावून नुसता आवाज ऐका. नीट शटर एका सुरात घर्रर्र करून टक्क बंद होतं. घर्र... थांबलं... र्र असं आलं, किंवा उघडून बसलं आणि बंदच झालं नाही, तर पाती नाही, स्लो स्पीडची गिअर ट्रेन, म्हणजे शटरला संथ करणारी दातेरी चाकांची रांग, चिकटलीय. दोन्ही एकत्र असणं हे तर नेहमीचंच.

तिसरं, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम्सवर मागून व्हिडिओ काढा आणि पाती उघडी दिसतात तेवढ्या फ्रेम मोजा. १ सेकंदाला २४०, १/२ ला १२०, १/५ ला ४८, १/१० ला २४, १/२५ ला साधारण १०, १/५० ला ५. त्याच्या वर मोबाइलवर विसंबू नका, १/१०० ला जेमतेम दोन-अडीच फ्रेम येतात आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. आकडे वहीत लिहून ठेवा, सफाईनंतर तुलना करायला लागतील.

सावधान: शटरवर एक्स, एम, व्ही असा लिव्हर असेल तर तो एक्सवर ठेवा आणि विसरून जा. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. जुन्या शटरमध्ये सगळ्यात आधी तोच अडकतो आणि अडकला की अख्खं शटर धरून ठेवतो. आणि तो आधीच मधे कुठेतरी अडकलेला मिळाला तर लिव्हरवर जोर करू नका, त्याचा नंबर सातव्या पायरीत येतो.

## २. सामान

यादी लहानच आहे पण बदली वस्तू वापरून लोक वाट लावतात.

सॉल्व्हंट म्हणून लायटर फ्लुइड, म्हणजे नाफ्था. दुकानात मागताना नीट सांगा, कारण बहुतेक ठिकाणी लायटरचा गॅस हातात ठेवतात, तो उपयोगाचा नाही. फ्लुइड पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत द्रव असतं. नाही मिळालं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, फक्त ते रंगवलेल्या आकड्यांवर सांडू देऊ नका. घट्ट ग्रीसवर मात्र नाफ्थाच चांगलं चालतं.

पेट्रोल नाही, त्यात ॲडिटिव्ह असतात. रॉकेल नाही, मागे तेलकट थर सोडतं. थिनर नाही, रंग उतरवतं. आणि गंज सोडवायचा तो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे तर अजिबातच नाही, तो वाळल्यावर स्वतःच चिकट थर होतो. लेन्सवर उडाला तो वेगळाच ताप.

हत्यारं: घड्याळजीचे चपट्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर, १ ते २ मिमी. चिमटा. झीरो-झीरो नंबरचा चित्रकलेचा ब्रश, नवा. टूथपिक. लेन्स टिश्यू. कान साफ करायच्या काड्या वापरल्या तरी चालतात पण त्यांचे तंतू सुटतात आणि एक तंतू गिअरमध्ये गेला की तुम्ही परत पहिल्या पायरीवर. खाचा असलेल्या रिंगा फिरवायला स्पॅनर मिळतो, नसला तर कंपासपेटीतलं कर्कटक, त्याची टोकं कानसीने थोडी चपटी करून. बिनखाचांच्या रिंगांसाठी योग्य मापाच्या बाटलीच्या झाकणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून लावायचा, दाबून फिरवलं की रबर रिंग पकडतं. माझ्याकडे विकतचा सेटही आहे, पण हात जातो तो ट्यूबवाल्या झाकणाकडेच.

स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा. सात वाट्या, सात टप्पे. गंमत नाही करत, यापेक्षा चांगली सोय मला अजून सापडली नाहीये, फक्त आधी विचारून घ्या आणि हळद नीट पुसा.

## ३. जागा आणि वेळ

मोठ्या परातीत पांढरा पंचा पसरा आणि त्यावर काम करा. स्क्रू पडला तर उडत नाही, घरंगळत नाही, आणि पांढऱ्यावर दिसतो. पंखा बंद. नाफ्था पटकन पेट घेतं, त्यामुळे गॅस बंद, उदबत्ती नाही, आणि शेजारच्या खोलीत देवासमोर दिवा तेवत असेल तर तो शांत होईपर्यंत थांबा. खिडकी उघडी हवी.

पावसाळ्यात हे काम शक्यतो काढूच नका. नाफ्था उडून जाताना धातूला गार करतं आणि जुलैतल्या दमट हवेत त्या गार पात्यांवर बाष्प धरतं, म्हणजे तुम्ही तेल काढून पाणी लावलंत. अगदीच करायचं असेल तर प्रत्येक धुण्यानंतर, नाफ्था पूर्ण उडून गेल्यावर, हेअर ड्रायर कमी गरमवर, हातभर लांबून.

तपासा: कॅमेऱ्यात रोल नाही ना? हसू नका. मी एकदा कोणाच्या तरी आजोबांचा अर्धा काढलेला रोल उजेडात आणलाय. आधी मागची लाल खिडकी बघा, नंबर दिसतोय का.

## ४. पुढची लेन्स काढणं

आयसोलेटचा खरा शत्रू शटरमध्ये नाही, इथे आहे. अॅग्फाने फोकसच्या आट्यांना जे ग्रीस लावलं ते वर्षानुवर्षांत हिरवट मेणासारखं कडक होतं. इतकं, की फोकस रिंग हलतच नाही, किंवा हलते पण भलतंच काहीतरी फिरवते. ते भलतं काय ते पुढे सांगतो, कारण निम्मे कॅमेरे त्यातच बिघडलेले मिळतात.

क्रम असा:

१) फोकस इन्फिनिटीवर (सगळ्यात लांबच्या अंतरावर) आणा, येत असेल तर. समोरून सरळ फोटो काढा.

२) फोकस रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू आहेत. ते पूर्ण काढायचे नाहीत, फक्त दोन-तीन वेढे सैल करायचे. रिंग सरळ बाहेर येते.

३) आता लेन्सचं पितळी घर उघडं दिसेल. त्यावर आणि शटरच्या कडेवर सुईने एका रेषेत बारीक खूण करा.

४) लेन्स घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत सोडवा. किती वेढे झाले ते मोजा आणि ज्या क्षणी आटे सुटतात तिथे थांबून दुसरी खूण करा. ही दुसरी खूण सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण परत लावताना आटे याच जागी धरले पाहिजेत. एवढं करूनही खूण न केल्याबद्दल मी एक अख्खी रविवार दुपार घालवलीय.

आता ते भलतं. आपोटार तीन काचांची लेन्स आहे. पहिली काच दुसरीच्या घरात आट्यांनी फिरते आणि दुसरीचं घर शटरमध्ये घट्ट बसवलेलं असतं. ग्रीस दगड झालं की पहिली आणि दुसरी एकमेकांना धरतात, आणि तुम्ही पुढची फिरवली की दोन्ही मिळून शटरमधून सुटायला लागतात. वरून सगळं छान वाटतं, रिंगही हलते, फोटो मात्र सगळे गढूळ. जुन्या बाजारात विक्रेता "फोकस एकदम स्मूथ आहे" म्हणतो तेव्हा बरेचदा हेच झालेलं असतं.

दोन्ही काचा एकत्र हातात आल्या तर घाबरू नका, उलट बरंच आहे, बाहेर सोडवणं सोपं. दोन घरांच्या फटीत नाफ्थाचे दोन थेंब सोडा, झाकण असलेल्या डबीत रात्रभर ठेवा, सकाळी नाफ्था उडून गेल्यावर ड्रायरने कोमट करा आणि दोन रबरी झाकणांनी उलट दिशांना पिळा. नाही सुटलं तर परत. माझी एक जोडी पाच दिवसांनी सुटली, सुटताना काही आवाज नाही काही नाही, नुसती लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली.

सावधान: पक्कड लावायची नाही. पितळ मऊ असतं, घर जरासं जरी लंबगोल झालं तर ते परत कधीच फिरणार नाही. आणि कॅमेऱ्यात चार काचांची सोलिनार असेल तर तिची मागची जोडी एकमेकींना चिकटवलेली असते, त्या जोडीला ना ड्रायरची गरमी ना सॉल्व्हंटमध्ये भिजवणं.

५) पुढची एकटी सुटली असेल तर दुसरीचं घर खाचांमध्ये कर्कटक टेकवून शटरमधून काढा. हात सटकला तर काचेवर ओरखडा, म्हणून मधे कार्डबोर्डची चकती ठेवा. मागची काच मागचं झाकण उघडून, भाता (लेन्स आणि बॉडीमधला घड्यांचा भाग) ताणलेला ठेवून, हाताने किंवा रबराने सुटली तर काढा. नाही सुटली तर राहू दे, जोर नको.

सगळ्या आट्यांवरचं हिरवं ग्रीस टूथपिकने खरवडा, मग नाफ्थाने पुसत रहा, टिश्यू पांढराच्या पांढरा निघेपर्यंत.

## ५. पहिली सफाई, शटर न उघडता

समोर आता पाती थेट दिसतात. बऱ्याच कॅमेऱ्यांचं काम इथेच होऊन जातं, म्हणून पुढची प्लेट उघडायची घाई करू नका.

कॅमेऱ्याचं तोंड तिरकं खाली धरा, म्हणजे सॉल्व्हंट भात्याकडे न जाता बाहेर येईल. भात्याच्या सांध्यांना डिंक असतो, तो सुटला तर नवीनच काम. ब्रश बुडवून निथळून घ्या आणि मिटलेल्या पात्यांवर हलकेच फिरवा. १/२५ वर शटर पाच-सहा वेळा मारा. पात्यांवर तेलाचं इंद्रधनुष्य उमटलेलं दिसेल, ते टिश्यूने टिपून घ्या, घासायचं नाही. थांबा, वाळू द्या, परत.

एकदा करून भागत नाही. पहिल्या धुण्यानंतर शटर एकदम पळायला लागतं आणि लोक आनंदाने कॅमेरा बंद करतात. पण ओलं असताना चालणारं शटर म्हणजे बरं झालेलं शटर नव्हे. सॉल्व्हंटने आतलं तेल पातळ करून पात्यांवर आणलेलं असतं, ते उडून गेलं की तेल तिथेच राहतं. मी निदान पाच वेळा करतो.

तपासा: पूर्ण वाळल्यावर रात्रभर ठेवा आणि सकाळी पहिलाच शॉट बघा. पहिला शॉट नीट पडला तरच पाती साफ. दहाव्या शॉटला सगळीच शटरं नीट चालतात.

सगळे स्पीड बरे वाटतायत? मग थेट नवव्या पायरीवर जा. १/१० च्या खालचे अजून रेंगाळतायत तरच पुढे.

## ६. पुढची प्लेट उघडणं

शटर चार्ज केलेलं नको, मोकळं हवं. स्पीड १/२५ वर ठेवा आणि फोटो काढा.

सगळ्यात पुढे एक धरून ठेवणारी रिंग असते आणि तिला फिरू न देणारा एक छोटा स्क्रू. तो काढा किंवा त्याची कापलेली बाजू रिंगकडे येईल असा वळवा, मॉडेलप्रमाणे दोन्हीपैकी एक असतं. स्क्रूवर लाखेचा थेंब असेल तर आधी टूथपिकने एक थेंब ॲसिटोन, पाच मिनिटं थांबायचं. मग रिंग उलट दिशेने थोडी फिरवली की सुटते. तिच्याखाली स्पीडचे आकडे असलेली रिंग आणि वेड्यावाकड्या खाचांची पातळ प्लेट.

ही प्लेट उचलताना श्वास रोखून. तिच्या खाचांमधून खालच्या लिव्हरांच्या बारीक पिना वर आलेल्या असतात, आणि स्पीड म्हणजे दुसरं काही नाही, प्लेट फिरली की खाच त्या पिनेला किती सरकवते एवढंच. म्हणून उचलायच्या आधी कुठली पीन कुठल्या खाचेत आहे त्याचा जवळून फोटो. मग सरळ वर उचला, तिरकी नको.

सावधान: प्लेट काढलेली असताना शटर चार्ज करायचं नाही. चालवून बघायचं असेल तर प्लेट आणि रिंग परत लावा. कंटाळवाणं आहे, पण वर काही धरून ठेवणारं नसताना ताणलेली स्प्रिंग सुटली की ती कुठे जाते ते कळत नाही. माझी एक केसाएवढी स्प्रिंग तीन आठवड्यांनी सोफ्याखाली मिळाली. हरवलीच तर खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, लांब सावलीमुळे पटकन दिसते. लोहचुंबक फिरवायचा तर लक्षात ठेवा, पितळेचे भाग त्याला चिकटत नाहीत.

## ७. गिअर ट्रेन

आत तीन-चार छोट्या चाकांची रांग आणि शेवटी जहाजाच्या नांगराच्या आकाराचा एक तुकडा जो टकटक पुढेमागे होतो, ती स्लो स्पीडची ट्रेन. त्याच्यासारखीच दिसणारी दुसरी रांग असेल तर ती सेल्फ टायमरची. ओळखायला सोपं आहे, टूथपिकने पहिलं चाक हळूच ढकला, शेवटचा तुकडा थरथरला पाहिजे. ढकलून सोडल्यावर मधेच कुठे थांबलं तर तिथेच मळ.

ट्रेन बाहेर काढू नका, जागेवरच धुवा. दोन स्क्रूंवर असते म्हणून काढायचा मोह होतो, पण ती किती आत सरकवून बसवलीय त्यावर स्पीड ठरतो, आणि स्क्रूच्या भोकांत इतकी मोकळीक असते की परत तशीच बसेल याची काही खात्री नाही.

प्रत्येक चाकाच्या अक्षावर, वर आणि खाली, नाफ्थाचा छोटा थेंब, टूथपिकने पंधरा-वीस वेळा हलवणं, टिपणं. परत. मळ काळ्या पेस्टसारखा बाहेर येतो. सेल्फ टायमरलाही तेच करा, मधे अडकलेला असेल तर चाक टूथपिकने पुढे ढकलत न्या, वरून लिव्हर ओढून नाही. मोकळा झाला तरी नंतर वापरू नका.

इथलं धुतलेलं तेल पात्यांवर उतरणारच. म्हणून ट्रेन झाल्यावर पाचवी पायरी परत एकदा, पूर्ण. उलट क्रमाने करणारे, म्हणजे पाती आधी चकचकीत करून मग गिअर धुणारे, दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतात.

## ८. तेल

बहुतेक वेळा नाहीच. ट्रेन कोरडी नीट चालत असेल तर तशीच राहू द्या. अगदी लावायचंच तर घड्याळाचं तेल, घड्याळ दुरुस्तीवाला ओळखीचा असेल तर थेंबभर देईल, आणि ते सुईच्या टोकाला जेवढं चिकटतं तेवढंच, फक्त चाकांच्या अक्षांना. दातांना नाही. पात्यांना तर कधीच नाही.

## ९. परत जोडणी

उलट क्रमाने. प्लेट ठेवताना सगळ्या पिना आपापल्या खाचेत आल्या पाहिजेत. आल्या की प्लेट स्वतःहून सपाट बसते, नाही आल्या तर एक बाजू केसभर उचललेली राहते. अशा वेळी वरून दाबून रिंग फिरवणं ही या अख्ख्या कामातली सगळ्यात महाग चूक आहे, पीन वाकते. उचला, फोटो बघा, परत ठेवा.

तपासा: रिंग लावल्यावर स्पीड आधी बी वर (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं) आणि मग प्रत्येक आकड्यावर न अडता फिरतोय का. मगच चार्ज करा. आणि सवय लावून घ्या, स्पीड आधी, चार्ज नंतर. प्रोंटोर एखाद वेळी सोडून देतं, पण आयसोलेटवर कोम्पूर-रॅपिड असेल तर चार्ज केल्यावर १/५०० वर न्यायचंच नाही, त्या स्पीडला वेगळी जास्तीची स्प्रिंग ताणावी लागते.

लेन्स बसवायच्या आधी पाती आणि काचांवर ब्लोअर मारा. दुसरीचं घर शटरमध्ये पूर्ण घट्ट. पहिलीच्या आट्यांना नवीन ग्रीस अगदी पुसटसं, आणि दुसऱ्या खुणेवर आटे धरून मोजलेले वेढे आत. फोकस रिंग अजून लावू नका.

## १०. इन्फिनिटी लावणं

हे न करता रोल भरणारे खूप आहेत आणि मग लेन्सला नावं ठेवतात.

काचवाल्याकडून साधारण ६ बाय ८ सेंमीचा काचेचा तुकडा कापून घ्या, कडा घासून. एका बाजूला मॅट फिनिशची पारदर्शक टेप लावा, सुरकुती नको. फिल्म ज्या आतल्या रुळांवर टेकते त्यांवर हा तुकडा ठेवा, टेपची बाजू लेन्सकडे. शटर बी वर, लॉक होणारी केबल रिलीज (बटण दाबायची तार) लावून उघडं ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडं. आता लांबचं काहीतरी. मी गच्चीवरून सिंहगडाचा टॉवर धरतो, रात्री चंद्र त्याहून चांगला. मॅग्निफायर नसेल तर ५० मिमीची कुठलीही लेन्स उलटी डोळ्याला लावा.

पुढची काच हळूहळू फिरवत सगळ्यात तीक्ष्ण जागा शोधा, ती ओलांडून जा, परत या. तीनदा केल्यावर तीच जागा आली तर बरोबर. मग काच न हलवता फोकस रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर ठेवून तिन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एकच पूर्ण आवळला तर रिंग काचेला घेऊन सरकते. आवळून झाल्यावर परत एकदा टॉवर बघा.

## ११. स्पीड परत मोजा

पहिल्या पायरीसारखंच, वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी. किती फरक चालेल? १/१०० च्या जागी १/७० आलं तर तो अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), निगेटिव्ह फिल्मवर कळतही नाही. वरचा १/३०० बहुतेक जुन्या शटरमध्ये १/२०० च्या आसपासच भरतो, त्याच्या मागे लागून स्प्रिंग ताणू नका. स्पीड चुकीचा पण दर वेळी तोच असेल तर आकडा लक्षात ठेवून फोटो काढता येतात. दर वेळी वेगळा येत असेल तर मळ राहिलाय, पाचवी पायरी.

दिवस संपायच्या आधी अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घालून घड्यांचे कोपरेही बघून घ्या. आयसोलेटच्या भात्याला तिथे टाचणीएवढी भोकं पडतात आणि त्याचा दोष विनाकारण शटरवर येतो.

## १२. टेस्ट रोल

रोल महाग आहे, उगाच घालवू नका. १०० आयएसओचा १२० रोल, १२ फ्रेम. ढगाळ दिवस किंवा सकाळची एकसारखी सावली, ट्रायपॉड, समोर एकच भिंत. पहिल्या सहा फ्रेम अशा:

१/३०० ला एफ/४.५
१/१०० ला एफ/८
१/५० ला एफ/११
१/२५ ला एफ/१६
१/१० ला एफ/२२
१/५ ला एफ/३२

सहाही जोड्यांत फिल्मवर जवळपास तेवढाच उजेड पडतो. निगेटिव्ह लाइट टेबलवर, म्हणजे मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर, शेजारी ठेवा. सगळ्या सारख्या गडद दिसल्या तर स्पीड एकमेकांशी जुळतायत. एखादी ठळकपणे काळी असेल तर तो स्पीड रेंगाळतोय, फिकी असेल तर लवकर मिटतोय. १/१० आणि १/५ ची किंचित गडद येणारच, एफ/२२ आणि एफ/३२ चा हिशोब तिथे पुरता जुळत नाही.

उरलेल्या सहापैकी दोन पूर्ण उघड्या अॅपर्चरवर लांबचं काहीतरी, दोन सगळ्यात जवळच्या फोकसवर टेपने अंतर मोजून, आणि शेवटच्या दोन घरातल्या माणसांच्या, कारण एव्हाना सगळे तुमच्या परातीला वैतागलेले असतात.

कॅमेरा ठेवताना शटर चार्ज केलेलं ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा सगळ्या स्पीडवर पाच-पाच वेळा रिकामं मारा.

मिसळणाचा डबा गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुवा. नाफ्थाचा वास फोडणीत उतरतो.